एक कीर्तन, एक उमाळा

या, पुढे सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही या, सतरंजी पुष्कळ लांब आहे. हातातलं काम टाकू नका, तूर निवडता निवडता ऐकण्याजोगीच ही गोष्ट आहे. साजाटोल्याच्या दादाजींना त्यांच्या लेकरांनी जंगलातला उमाळा दाखवायला नेलं, त्या सकाळची. पाणी उसळलं का, उसळलं तर कुणाला दिसलं आणि कुणाला नाही, सगळं सांगायचं आहे. तेवढं मध्येच उठू नका. कीर्तनातून अर्ध्यात उठून गेलेल्याच्या तोंडाला भाकर गोड लागत नाही, असं दादाजीच म्हणायचे.

माघ लागला होता. राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर सकाळी साडेसहाला अशी थंडी, की बोलणाऱ्याच्या तोंडातून आधी वाफ आणि मग शब्द निघत होता. गेटवरच्या खिडकीत सगळ्यांचे मोबाइल जमा झाले. आत नेता येत नाहीत. धाकट्या सुनिलने आपला फोन असा दिला, जणू सासरी लेक पाठवतोय.

"ताई, म्हणजे फोटो नाईच निघाचा?"

"डोळे देले ना देवानं," इंदुताई म्हणाल्या. "त्यायले चार्जिंग लागत नाई."

दादाजी जिप्सीच्या मधल्या सीटवर घोंगडीत बसून हसले. वय चौऱ्याऐंशी. दोन पावसाळ्यांपासून पायांनी साथ सोडलेली, पण आवाज अजून जागेवर होता. थोडा खोल गेलेला, एवढंच. त्यांच्या एका बाजूला थोरला मुखरू, मांडीवर लाल फडक्यात बांधलेल्या चिपळ्या घेऊन. दुसऱ्या बाजूला मुखरूची बायको मंगली, तिच्या पायाशी झांजांची पिशवी. मागच्या सीटवर नागभीडला दिलेल्या इंदुताई आणि भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत राहणारा सुनिल, त्यांच्या पायांत दादाजींची वेताची खुर्ची. पुढे चालवायला कय्यूमभाई आणि त्यांच्या शेजारी वनरक्षक पुनम.

त्या चिपळ्यांवरून दिवाळीच्या बैठकीत काय झालं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. दादाजींच्या मागे कीर्तनाला उभं कोणी राहायचं, असा प्रश्न निघाला. मुखरू थोरला, म्हणून चिपळ्या मुखरूला. सुनिलने मान डोलावली, मंगली गप्प बसली, आणि ज्या इंदुताई लग्नाआधी बारा वर्षं बापाच्या मागे झांज घेऊन उभ्या होत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही. त्यांनीही भांडण केलं नाही. तेव्हापासून फक्त एक झालं होतं. इंदुताई माहेरी आल्या आणि मुखरू कीर्तनाचं काही बोलू लागला, की त्या चहा ठेवायला उठायच्या. तीन महिन्यांत त्या घरात पुष्कळ चहा झाला.

"मॅडम, किती वेळ भेटते आमाले?" मुखरूने विचारलं.

"दहाला उमाळ्यावरून निघाचं," पुनम मागे वळून म्हणाली. "साडेदहाला गाडी गेटच्या बाहेर पाह्यजे. माईक नाई, ढोल नाई, आणि गाडीतून उतरलं का सगळे संगं राहा."

"आणि उशीर झाला तं?" सुनिल.

उत्तर कय्यूमभाईंनी दिलं. "तं माही गाडी एक महिना बंद, भाऊ. सीझनचा महिना. मंग मी तुमच्याच घरी जेवाले येतो, पोराबाळासकट."

सगळे हसले. पण हसण्यासारखं ते नव्हतं, हे इंदुताईंच्या ध्यानात राहिलं.

आता उमाळ्याचं सांगतो. पन्नास वर्षांआधी कोळसा शोधायला माणसं मशीन घेऊन साजाटोल्याच्या जंगलात आली. दादाजी त्यांच्याकडे पाइप ओढायला मजूर होते. खोल भोक पाडलं, कोळसा लागला नाही. लागलं ते ऊनऊन पाणी, आणि तेही असं जोरात, की सागाच्या पहिल्या फांदीला जाऊन भिडलं. माणसं मशीन घेऊन गेली, पाणी राहिलं. दोन-तीन मिनिटं उसळायचं, मग बसायचं, पुष्कळ वेळाने पुन्हा उसळायचं. गावाने त्याला उमाळा म्हटलं. दादाजी एकदा पाणी बसल्याबरोबर तिथेच चिपळ्या घेऊन उभे राहिले. नमन झालं, पूर्वरंग झाला, आख्यान झालं, आणि शेवटच्या गजराला पाणी उठलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. मग साजाटोल्यात मापच पडून गेलं: एक कीर्तन, एक उमाळा. एक जण पाण्याजवळ बसायचा, पाणी खाली गेलं की "बसलं!" अशी हाक द्यायचा, आणि दादाजी नमन धरायचे. लोक म्हणत, दादाजी पाणी बोलावतात. दादाजी कानाला हात लावत. आपण कोण बोलावणारे? त्याची यायची वेळ आहे, तेवढा वेळ आपण नाम घेत उभं राहायचं, बस.

सोळा वर्षांआधी गाव जंगलाबाहेर रस्त्याच्या कडेला आलं. घरं पक्की झाली, उमाळा आत राहिला. आता वर्षातून एका सकाळी, एका घराला, एक गाडी आत जाऊ देतात. घरांची पाळी लावलेली. यंदा दादाजींच्या घराची आली. पुढची अकरा वर्षांनी.

ही अकरा वर्षं जिप्सीत कुणी बोलून दाखवत नव्हतं. पण खड्डा आला की तिघंही लेकरं एकदम बापाच्या पाठीमागे हात धरत होती.

"भाऊ," इंदुताई पुढे वाकून मुखरूला म्हणाल्या. चहा ठेवायला तिथे चूल नव्हती, तेव्हा बोलणं भाग होतं. "आपण बाहेरून येऊन राह्यलो. पाणी कवा बसलं हे कोणी सांगाले नाई. आधी एक उसळी पाहू, मंग उभे राहा."

"अन् तिची वाट पाहता पाहता दहा वाजले तं? मी नमन तं धरून ठेवतो."

"नमन काय धरून ठेवाची गोष्ट हाय का?"

"इंदे, चिपळ्या कोणापाशी हाय?"

सुनिल खिडकी नसलेल्या जिप्सीतून बाहेर चितळं पाहू लागला. इंदुताई मागे टेकल्या.

गाडीची वाट एका वळणावर संपते. वळणाच्या पुढे दोनशे पावलं सरळ पायवाट, आणि तिच्या टोकाला मोकळ्या जागेत उमाळा. ठरलं असं होतं, की मुखरू आणि सुनिल दोघांनी खुर्ची उचलायची. पण गाडी थांबताच मुखरू म्हणाला, "मी सतरंजी टाकून येतो," आणि निघाला. मागून मंगली आणि इंदुताई झांजा आणि हार घेऊन. पुनम वळणावर मध्ये उभी राहिली, दोन्हीकडे नजर ठेवून. कय्यूमभाई आणि सुनिल दादाजींना खाली उतरवायला लागले.

सोळा वर्षांनी ती जागा पाहून इंदुताईंचे पाय आपोआप थांबले. गंधकाचा तो वास. लोखंडी पाइपचं गंजलेलं तोंड, भोवती पिवळट झालेले दगड, त्यांवरून निघणारी बारीक वाफ. त्यांनी चपला काढल्या. सतरंजी टाकून झाली. आता मुखरू मागे फिरेल, असं त्यांना वाटलं. पण मुखरूने डोक्याला पागोटं बांधलं होतं, गळ्यात हार घातला होता, आणि एवढी तयारी झालेल्या माणसाला परत खुर्ची उचलायला जाववलं नाही. त्याने चिपळ्या हातात घेतल्या.

"अजी, मामाजी यायचे हाय ना!" मंगली सासऱ्यांच्या काळजीने म्हणाली.

"नमन तं होऊ दे. येतेच ते तवापर्यंत."

त्याने डोळे मिटले, पहिला सूर लावला. दुसरी ओळ संपायच्या आत पाइपच्या तोंडात घुमल्यासारखं झालं. दगड थरथरले. आणि पाणी उठलं! पांढरं, गरजत, वाफेचा डोंगर घेऊन, सागाच्या फांदीच्याही वर. सकाळचं कोवळं ऊन त्यात शिरलं, आणि अंगावर ऊनऊन थेंबांचा सडा पडला. मंगलीने हात जोडले. इंदुताईंच्या तोंडून हरिनाम निघालं, त्यांना कळलंसुद्धा नाही.

"माह्या नमनालेच उठलं!" मुखरू ओरडला. साठीचा माणूस, पण चेहरा असा, जसा शाळेत पहिला नंबर आलेल्या पोराचा. "पाह्यलं का इंदे? नमनालेच!"

इंदुताईंनी मागे पाहिलं. पायवाट रिकामी होती. त्या पळत सुटल्या. वळणावर पोचल्या तर दादाजी खुर्चीत बसलेले होते, पाय कय्यूमभाईंनी नुकतेच नीट ठेवलेले, आणि सुनिल एकटाच खुर्ची उचलायला पाहत होता. ड्रायव्हरला गाडी सोडून पुढे जाता येत नाही, आणि एकट्याने काय उचलली जाणार? जंगल आडवं होतं. आवाज सगळ्यांना येत होता. मग तो आवाज कमी कमी होत गेला, आणि थांबला.

दादाजी म्हणाले, "बसलं."

एवढंच. गावात पाण्याजवळ बसणारा माणूस द्यायचा तीच हाक, पण हळू.

मुखरू मागून धावत आला होता. ती हाक त्याने ऐकली, आणि त्याचा चेहरा पाहवेना. त्याने पागोटं काढलं. कोणी काही बोलायच्या आत खुर्चीची एक बाजू धरली. दोघा भावांनी बापाला उमाळ्यापाशी नेऊन ठेवलं, ओल्या दगडांसमोर. वाफ अजून होती. दादाजींनी हात पुढे करून ती वाफ तोंडावरून फिरवून घेतली.

"भाऊ, तुमाले यायचं होतं ना खुर्ची धराले," सुनिल दबल्या आवाजात म्हणाला.

"हाव. चुकलंच." मुखरू म्हणाला. "तू आता मले मार, पण बोलू नोको."

"मारून काय पाणी येते? किती वाजले तेव्हा? सात पंचवीस." सुनिलने घड्याळ पाहिलं. "दाब भराले वेळ लागते. बाचं कीर्तन किती वेळाचं?"

"अडीच तास," इंदुताई म्हणाल्या.

"म्हणजे नऊ पंचावन. जमते! पाच मिनिटं उरते."

"घड्याळात जमते," मंगली म्हणाली. "पण तवापर्यंत मामाजी काय घड्याळ पाहत बसन?"

तेव्हा दादाजी बोलले. "एक उमाळा गेला, तं आता एक कीर्तन आलं. पुरं कोणाले येते?"

सगळे मुखरूकडे पाहू लागले. मुखरू चांगलं गात असे, खोटं कशाला बोला. पण बारशाला, गृहप्रवेशाला, पाऊण तासाचं. पाऊण तासात यजमानाचा स्वयंपाक होतो, आणि मुखरूचं आख्यानही होतं. बापाचं दुथडी भरून वाहणारं कीर्तन त्याने पाठ केलंच नव्हतं.

"मले येते, बा," इंदुताई म्हणाल्या.

आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. पाणी भरून आणते म्हणावं, तसं म्हणाल्या.

"इंदे, पण बाईमाणसानं चिपळ्या..." मुखरू सवयीने बोलून गेला.

"द्या त्या ताईले!" मंगलीने एवढ्या जोरात म्हटलं, की पुनमही दचकली. छत्तीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्यासमोर चारचौघांत पहिल्यांदा असं बोलत होती. "दिवाळीले मी चूप बसली, त्याची मले अजून लाज वाटते. द्या मनलं ना!"

"वयनी, असू द्या," इंदुताई म्हणाल्या. "भाऊ देईन तवाच घेईन."

मुखरूने चिपळ्यांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. बाप उमाळ्याकडे पाहत होता, तिथे त्याला कसली मदत नव्हती. मग त्याने चिपळ्या दोन्ही हातांनी बहिणीपुढे धरल्या आणि म्हणाला, "मी मागं झांज धरतो. चुकलं तं सांगजो."

"सांगीन ना," इंदुताई म्हणाल्या. "तेच तं बारा वर्षं करत होती मी."

काय सांगावं मंडळी, त्या सकाळी इंदुताई कशा उभ्या राहिल्या! नऊवारीचा पदर खोचलेला, पाय ओल्या दगडावर अनवाणी. नमन लागलं ते असं, जसं विझत आलेल्या चुलीवर फुंकर. पूर्वरंगात त्यांनी नामाचा महिमा सांगितला. मग आख्यान धरलं, दादाजींनी स्वतः रचलेलं, मुक्या गुराख्याचं. त्या गुराख्याला नाव घेता येत नाही म्हणून गाव त्याला देवळात येऊ देत नाही, आणि तो रोज संध्याकाळी गाई घेऊन देवळावरून जातो, गाईंच्या घंटांनीच देवाला हाक देत. इंदुताई गुराखी झाल्या, गाय झाल्या, देवळाचा तिरसट पुजारी झाल्या. पुजाऱ्याचा आवाज त्यांनी असा काढला की सुनिल मोठ्याने हसला, कारण तो हुबेहूब मुखरूचा होता. मुखरूही हसला, आणि हसताना त्याची झांज चुकली.

"समेवर, भाऊ," कीर्तन न थांबवता इंदुताई म्हणाल्या.

दादाजी डोळे उघडे ठेवून ऐकत होते. एका डोळ्याने लेकीला, एकाने पाइपच्या तोंडाला. पुनम आधी घड्याळ पाहत उभी होती, मग दगडावर टेकली, मग हनुवटीखाली हात घेऊन बसली.

नऊ पंचावन्न झाले. पाइपच्या तोंडाला फक्त वाफ. सुनिलने घड्याळ कानाला लावलं, जणू खोट त्याच्यातच होती. नऊ सत्तावन. नऊ एकोणसाठ. इंदुताईंचा गुराखी अजून देवळाच्या पायरीपर्यंत पोचला नव्हता.

पुनम उठली. तिला बोलणं जड जात होतं, दिसत होतं. "काकू... दहा वाजले."

"मॅडम, पाच मिनिटं!" मुखरू. "हात जोडतो."

"मले काय नाई म्हणाचं हाय का, काका? मी लिहून देईन माह्यावर. पण गाडी तं कय्यूमभाईचीच बंद होते."

आता पाहा, त्या घराण्यात कीर्तन कधी अर्ध्यावर सोडलेलं नाही. पावसात नाही, सुतकात नाही, एकदा बाजूला साप निघाला तेव्हाही नाही. इंदुताईंनी बापाकडे पाहिलं. विचारायचंच कशाला, असं त्याचं तोंड होतं.

"चला," इंदुताई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या पोराच्या ताटातलं उचलून देवाले निवद दाखवत नाई आपण. उचला खुर्ची." मग चिपळ्या वाजवल्या. "पण मॅडम, निघा म्हणतात, गाऊ नोका म्हणत नाईत ना?"

पुनम हसली. "तसा नियम नाई, काकू."

मुखरूने खुर्चीची पाठ धरली, सुनिलने पायाकडची बाजू. दोघे खुर्ची वळणाकडे फिरवून निघणार, तोच सुनिल म्हणाला, "थांबा भाऊ. फिरवा."

"काय फिरवा?"

"खुर्ची. बाचं तोंड उमाळ्याकडे राहू द्या. तुमी पुढं चाला, मी मागं. बा उलटे जाईन."

त्यांनी खुर्ची पुन्हा उमाळ्याकडे फिरवली. आता मुखरू पुढे होता, बापाच्या पाठीमागे. सुनिल पायांकडे, बापाच्या समोरासमोर, उमाळ्याकडे पाठ करून. त्याच्या खांद्यालगत इंदुताई, बापाकडे पाहत गात. सगळी मिरवणूक वळणाकडे निघाली, आणि एकटे दादाजी मागे पाहत निघाले.

पन्नास पावलं. गुराखी पायरी चढला. सुनिल पाऊल असं टाकत होता, जसं पेरणीत बी टाकतात. "जरा लवकर," पुढून मुखरू म्हणाला. "हात भरून येऊन राह्यले." सुनिल म्हणाला, "येऊ द्या." शंभर पावलं. पुजाऱ्याने दार लावलं. इंदुताईंचा आवाज आता फाटत होता, पण त्यांनी लय उतरवली नाही. दीडशे. पुनम सर्वांत मागे, मान खाली घालून. वळण समोर आलं. त्याच्या पलीकडे जंगल आडवं होणार होतं, आणि मग अकरा वर्षं.

एकशे ऐंशी. इंदुताईंच्या पायांना जमिनीची थरथर लागली. आवाज नव्हे, आधी पायांनाच. त्यांनी मान फिरवली नाही. बापाचे डोळे सोडवले नाहीत त्यांना.

दादाजींचा चेहरा आधी ताणला, मग सैल झाला, मग उजळत गेला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसं कोणी दिवा हातात घेऊन त्यांच्याकडे चालत यावं. मागून गर्जना आली. दादाजींनी दोन्ही हात वर केले, डोक्याच्याही वर, जिथपर्यंत ते हात वर्षभरात गेले नव्हते.

"उठलं!" ते म्हणाले. "उठलं गा पोरायहो!"

आणि त्यांनी स्वतःच गजर धरला. खोल गेलेला तो आवाज कुठून वर आला, देव जाणे. मुखरू पुढे तोंड करून रडत गात होता. मंगली आणि पुनम मागे वळल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. इंदुताईंनी चिपळ्यांचा ठेका धरला आणि शेवटच्या क्षणी त्याही वळल्या. त्यांनाही दिसलं. सागाच्या वर, उन्हात.

सुनिल वळला नाही. त्याच्या हातात खुर्ची होती. तो वळता तर ती कलती, आणि बापाचं तोंड झाडाकडे जातं. सकाळच्या उसळीला तो वळणापलीकडे बापाजवळ होता, या उसळीला बापासमोर. पाच वर्षांचा असल्यापासून तो शिकायला राजुऱ्याला होता, गाव उठलं तेव्हाही तिथेच, आणि त्याआधीचं त्याला धड आठवत नाही. पाणी पूर्ण बसेपर्यंत तो तसाच उभा राहिला, दोन्ही मुठी आवळून, बापाच्या तोंडाकडे टक लावून.

"दिसलं का गा तुले?" दादाजींनी विचारलं.

"पुरं दिसलं, बा," सुनिल म्हणाला.

कय्यूमभाईंची गाडी दहा सत्तावीसला गेटबाहेर पडली.

आता तुम्ही उठा, तूर निवडून झाली असेल. इंदुताईंचं नाव पुढे पंचक्रोशीत झालं, ते घ्यायला पुष्कळ लोक आहेत. तुम्ही एवढं करा. आज संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा खुर्ची धरून उभ्या राहिलेल्या सुनिलची एकदा आठवण काढा.